बियाला सोडलेली वेल

नॅस्टर्शियमच्या पानाला तोडेपर्यंत वास नसतो. नुसतं हाताळलं तर काही कळत नाही. चुरडलं, खुडलं, नखानं चिरलं की मोहरी फेसल्यासारखा झणका नाकात जातो. कारण सोपं आहे. तो वास पानात तयार नसतोच. तो ज्या दोन गोष्टींपासून बनतो, त्या वेगवेगळ्या कप्प्यांत कोंडलेल्या असतात आणि पेशी फुटल्या तरच एकमेकींना भेटतात. मोहरीत, अळिवात हेच होतं. मुळ्यातही होतं, पण मुळा आम्हा जैनांच्या घरात येत नाही.

म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी आप्पांनी माझ्या हातात चहा दिला आणि त्यांच्या बोटांना तो वास आला, तेव्हा मी कप धरून तशीच उभी राहिले. घरात कुणी मोहरी फेसली नव्हती.

"काय गं त्रिशला? साखर कमी पडली व्हय?"

"न्हाय आप्पा. बरोबर हाय."

कप चुलीच्या कट्ट्यावर ठेवून मी मागच्या दारानं परड्यात गेले.

आमचं घर निपाणीजवळ अकोळला. घरामागच्या परड्यात एका बाजूला पूर्वी आप्पा तंबाखूचा तरू टाकायचे, म्हणजे शेतात लावायची रोपं तयार करायचे. दुसऱ्या बाजूला, कुंपणाला लागून, आईची एक पट्टी होती. तीत नॅस्टर्शियम. लग्नाआधी आई दोन वर्षं बेळगावात कॅम्पमध्ये आत्याकडे राहायला होती. तिथल्या एका बंगल्याच्या कुंपणावर ह्या वेली होत्या आणि त्यांचं बी रस्त्यावर पडायचं. आईनं ते रुमालात बांधून आणलं. "कुंपणाबाहेर पडलेलं. मागाय नको आणि तोडायबी नको," असं ती सांगायची. तेव्हापासून दर हिवाळ्यात आमच्याकडे ती फुलं असायची. बाजारातल्या पाकिटांतून येतात ती पिवळी आणि नारिंगी. आईची तशी नव्हती. ओल्या आमसुलाचा असतो तो रंग, आणि आत घशाशी काळ्या रेघा. बेळगावच्या खडेबाजारातल्या बियाण्याच्या दुकानांत मी विचारून पाहिलं आहे. तो रंग मिळत नाही.

आई त्यांना नष्टर म्हणायची. शेजारच्या कांताक्का तिला चिडवायच्या, "विमल, नावातच नष्ट हाय बघ. दुसरं काय तरी म्हण की." आई म्हणायची, "नाव इंग्रजांनी ठेवलंय. त्यास्नी इचार जा."

आई मागच्या उन्हाळ्यात गेली. त्याआधीचा हिवाळा दवाखान्यात गेला, त्यामुळे त्या वर्षी नष्टर लावलं गेलं नाही. तिच्या शेवटच्या हंगामाचं बी पावडरच्या जुन्या डब्यात, स्वयंपाकघरातल्या फळीवर होतं. वाटाण्यासारखं, पण सुरकुतलेलं.

मी वनस्पतीशास्त्रात एमएस्सी केलं आणि आता बेळगावात एका बियाण्याच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुने येतात, आम्ही बी मोजतो, ओल्या कागदावर अंथरतो, किती उगवलं ते लिहितो. शनिवारी संध्याकाळी घरी यायचं आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत, असं माझं चालतं. भाऊ वृषभ बेळगावजवळ मच्छेत कारखान्यात आहे. आप्पांना आपल्या घरी न्यायला तो दोनदा येऊन गेला. आप्पा म्हणाले, "तिथं तिसऱ्या मजल्यावर मी काय करू? खाली बघत बसू?" पण इथंही ते काही करत नव्हते. शेत फाळ्यानं, म्हणजे खंडानं, दिलेलं, तिथं आता ऊस. सोप्यातल्या खुर्चीत बसायचे, टीव्ही लावायचे, आवाज बंद ठेवायचे. दिवस मावळायच्या आत मी ताट समोर ठेवलं तर जेवायचे. मी नसताना कांताक्का ठेवायच्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी म्हटलं, "आप्पा, आईचं नष्टर लावूया."

ते उठले. इतक्या महिन्यांत कुणी काही म्हटल्यावर ते पहिल्यांदाच खुर्चीतून उठले. कुदळ शोधली. पट्टी खणली, माती चाळून घेतली, वाफा अगदी तंबाखूच्या तरूसाठी करतात तसा केला, आणि उकिरड्यातलं कुजलेलं शेणखत बुट्टीनं आणून ओतू लागले.

"आप्पा, ह्याला खत नको. गरीब मातीत फुलं जास्त येतात."

"गरीब मातीत माणूस वर येईना झालंय आणि फुलं येत्यात व्हय," ते म्हणाले, आणि कुंपणापलीकडून कांताक्का हसल्या. आप्पाही हसले. मी खताची बुट्टी धरायला हात पुढे केला. त्यांना हसताना बघून मी माती विसरले, एवढंच.

बी रात्रभर पाण्यात ठेवलं होतं. सगळं. नमुन्यातलं थोडं बी नेहमी मागे राखायचं, हे मी प्रयोगशाळेत नव्या पोरींना शिकवते. पण हे बी जुनं होतं आणि चुलीच्या धगीत राहिलेलं. आणखी वर्षभर ठेवलं तर उगवण आणखी घटणार. आत्ता लावलं की मार्चमध्ये ताजं बी मिळेल, असा माझा हिशोब होता. उगवलं निम्म्याहून कमी. त्यातल्या चार वेली धरल्या.

पुढच्या प्रत्येक शनिवारी मी दारात पाय ठेवायच्या आधी आप्पा म्हणायचे, "आधी परड्यात चल." आणि पानं दाखवायचे. अळवाच्या लहान पानांएवढी गोल, हिरवीगार, मधोमध देठ. सकाळी त्यांच्यावर दंवाचे मणी असायचे. आप्पा एका पानाखाली तळवा धरून म्हणायचे, "तुझ्या आईच्या हातनं अशी पानं कवा आलती व्हय? बघ, ताटली हाय ताटली." त्यांनी दाढी करायला सुरुवात केली होती. सोप्यातला टीव्ही बंद असायचा.

फुलं मात्र नव्हती.

डिसेंबर गेला. मला वाटलं, शेणखत. नत्र जास्त झालं की पान वाढतं आणि कळी मागे पडते. माती पिशवीतून बेळगावला नेऊन तपासली. नत्र जास्त होतं, पण कळीच धरू नये इतकं नव्हतं. मग सावली तपासली. परड्यातल्या शेवग्याच्या दोन फांद्या उतरवल्या. जानेवारीही गेला. निपाणीच्या बाजूला नष्टरला दिवाळी ते शिमगा एवढाच वेळ असतो. मार्चचं ऊन तापलं की वेल वाळते, मग तिला काही केलं तरी उपयोग नाही. त्याआधी फूल आलं नाही तर बी नाही, आणि डबा रिकामा होता. आईचं नष्टर ह्या चार वेलींत होतं, दुसरीकडे कुठंच नव्हतं. बसमध्ये बसल्यावर मी खिडकीतून उसाच्या गाड्या बघत पुन्हा पुन्हा तेच गणित मांडायची.

आणि मग तो रविवार. परड्यात गेले, गुडघ्यावर बसले, आणि शेंडे नीट पाहिले. पानाच्या बगलेतून जिथं कळीचा देठ निघतो तिथं प्रत्येक ठिकाणी एक थोटूक होतं. जुनी थोटकं तपकिरी होऊन आत वळलेली. आजची ओली, टोकावर रसाचा थेंब. काप तिरका होता. किड्यानं खाल्लेलं असं दिसत नाही, आणि शेळीनं खाल्लेलं असं एकेक वेचून नसतं. वाफ्याच्या कडेला, झाडून काढायच्या कचऱ्यात, आजच्या कळ्या पडल्या होत्या. हिरव्या, शेपटीवाल्या. एक मी नखानं उघडली. आत पाकळ्या गुंडाळलेल्या होत्या आणि रंग धरलेला होता.

मागे आप्पा दारात उभे होते.

"आप्पा, कळ्या तुम्ही खुडताय?"

"मग? त्याला गडी लावू काय?"

"कवापासनं?"

"आल्यात तवापासनं." त्यांच्या आवाजात कष्टाचा अभिमान होता. "एकबी उमलू दिलेली न्हाय."

तंबाखूला फूल येऊ देत नाहीत. बोंड दिसलं की शेंडा खुडायचा, मग बगलेतनं फुटवे येतात तेही खुडायचे, म्हणजे सगळं बळ पानात उतरतं आणि पान जाड, चिकट, कडक होतं. आप्पांनी हे वयाच्या दहाव्या वर्षापासून केलं. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख अजूनही इतरांपेक्षा लांब आणि जाड आहे. सरी धरून चालता चालता, बोलता बोलता, न बघता ते खुडत जायचे. लोक आप्पांबद्दल म्हणायचे, रायगोंडाच्या मागं मेंढरू गेलं तर त्याला वर तोंड करायचं काम पडत न्हाय.

आणि मला आई आठवली, स्वयंपाकघराच्या दारात उभी. आप्पा परड्यातनं तिच्या पट्टीकडे निघाले की ती हातातलं काम न सोडता म्हणायची, "हात मागं." आप्पा निमूट दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि वेलींच्या बाजूनं, बसदीत म्हणजे आमच्या देवळात प्रदक्षिणा घालावी तसे चालत जायचे. मी आणि वृषभ त्यांच्या मागून हात बांधून चालायचो. आम्हाला तो खेळ वाटायचा. मोठी झाल्यावर मला वाटलं, फुलांचा मान म्हणून असेल. आमच्या घरात असल्या मर्यादा पुष्कळ. त्यामागं कारण असेल, आणि ते कारण अंगठ्याच्या नखात असेल, असं मला कधी सुचलं नाही.

आता हात मागं म्हणणारं कुणी नव्हतं.

"आप्पा, ही तंबाखू न्हाय. फुलांसाठी लावल्यात ह्या वेली."

"मला म्हाईत न्हाय व्हय, तंबाखू कंची आणि नष्टर कंचं?" ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "तू शिकलीयास. मला सांग, फूल आल्यावर झाडाचं काय व्हतंय?"

"बी धरतं."

"आणि?"

मी हातातल्या उघडलेल्या कळीकडे बघितलं.

"आणि वाळतंय," आप्पा म्हणाले. "बी धरलं की झाडाचं काम संपलं. पान पिवळं पडतंय, मग खालनं वर वाळत जातंय. न खुडलेली तंबाखू किती दिस उभी ऱ्हाती, मी बघितलेलं हाय. तुझी आई हुती तवा दरसाल शिमग्याला हे वाळायचं. मी तिला म्हणायचो, खुडू दे, ऱ्हाईल. ती हात लावू द्यायची न्हाय." त्यांनी पानाकडे बघितलं. "औंदा वाळू द्यायचं न्हाय मला."

हे खरं आहे. पुस्तकात तसंच आहे, शब्द वेगळे. एका हंगामाच्या झाडाला बी धरू दिलं नाही तर ते जास्त जगतं. 'म्हातारं हो' हा निरोप त्याला बियांकडूनच मिळतो. परीक्षेत ह्या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले होते. मी जाऊन आप्पांच्या शेजारी पायरीवर बसले.

मी म्हटलं, "आणि पुढच्या साली काय लावायचं?"

"पुढच्या सालचं पुढच्या साली."

"डबा रिकामा हाय, आप्पा."

ते माझ्याकडे वळले. "सगळं लावलीस?"

"सगळं."

"काय मागं ठेवली न्हाईस?"

"न्हाय."

ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते गुडघ्यावर हात ठेवून बसले. कुंपणापलीकडे कांताक्का पितळेचा हंडा घासत होत्या, तो आवाज तेवढा येत होता. मला त्यांना उन्हाचं समजावून सांगायचं होतं, तापमान, परागकण, मार्च. पण ते सगळं माझ्या भाषेत होतं. मग मला तंबाखूतलाच शब्द सापडला आणि मी खूश झाले.

"आप्पा, एक तरी बियाला सोडा की."

त्यांचा चेहरा बदलला. बियाला सोडणं त्यांना कळत होतं. पूर्वी काही वर्षं ते व्यापाऱ्याला तंबाखूचं बी धरून द्यायचे. शेकड्यांतलं एखादं झाड ठरवून ठेवायचे, त्याला खुडायचे नाहीत. ते उठून वाफ्याकडे गेले आणि चारही वेली एकेक करून बघत राहिले. कांडं मोजली, पान उलटं करून कीड बघितली.

"ही," म्हणाले. "हिचं कांडं आखूड हाय. पानाला कीडबी न्हाय."

"आणि हिला खुडायचं न्हाय."

"बियाला सोडल्यावर कोण खुडतंय? येडी काय?"

जाताना मी दुसऱ्या वेलींच्या दोन काड्या कापून ओल्या कापडात बेळगावला नेल्या. बाटलीत पाण्यावर ठेवल्या तर त्यांना मुळं फुटतात, आणि फुटलीही. मग एका शनिवारी मी अकोळला असताना त्यांच्यावर काळा मावा पडला आणि परत आले तेव्हा दोन्ही चिकट होऊन बाटलीच्या तोंडावर वाकल्या होत्या. ते मी आप्पांना सांगितलं नाही. त्यांच्या वेलीला कळ्या होत्या.

आठवड्यात फोन केला तर ते आपण होऊन सांगायचे. "चार धरल्यात." मग, "आज एक उमलंल." मी विचारलं, "रंग?" ते म्हणाले, "तिचाच." आणि फोन कांताक्कांकडे दिला. कांताक्का म्हणाल्या, "तुझा बाप चहा प्यायलाबी घरात येईना झालाय बघ. तिथंच खुर्ची टाकून बसतोय. नष्टरचा राखणदार."

पुढचे दोन शनिवार मला येता आलं नाही. रब्बीच्या नमुन्यांचा ढीग होता, सुट्टी कुणालाच नव्हती. फोनवर आप्पा म्हणाले, "तू घाई करू नगोस. मी बंदोबस्त केलोय."

मला वाटलं, कोंबड्यांचा. कांताक्कांच्या कोंबड्या आमच्या परड्यात यायच्या.

मी आले तेव्हा मार्च निम्मा होऊन गेला होता. दुपारी बसमधून उतरले तर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. घरात आप्पा नव्हते. मी सरळ परड्यात गेले.

आप्पा खुर्चीत बसले होते, मांडीवर टॉवेल. समोर वाफ्यात तीन वेली हिरव्यागार पसरल्या होत्या. चौथीच्या जागी एक पांढरं गाठोडं होतं. जवळ गेल्यावर कळलं, ती मलमलची पिशवी होती, बारीक निळ्या ठिपक्यांची. आईचं उन्हाळ्यातलं पातळ. त्यांनी ते कापून, दोरा घालून, हातानं शिवलं होतं. टाके लांब होते पण सरळ होते. चार काठ्या रोवून पिशवी वेलीवर अशी बसवली होती की पानाला घासू नये, आणि खाली, मातीलगत, दोऱ्यानं आवळून बांधली होती.

"आप्पा, हे काय?"

"बियाला सोडलोय न्हवं?" ते म्हणाले. "उघडं कसं ठेवायचं?"

तंबाखूचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं. बाहेरचा पराग नको, माशी नको, वारा नको. म्हणून बियाला सोडलेल्या झाडाच्या बोंडांवर मलमलची पिशवी बांधतात, म्हणजे जात मिसळत नाही आणि बारीक बी सांडत नाही. आप्पांनी सगळं बरोबर केलं होतं. नष्टरचं तसं नाही. त्याच्या फुलात पराग आधी गळून जातो आणि तो घ्यायचा भाग नंतर तयार होतो. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलात नेणारं कुणीतरी लागतं. आईच्या पट्टीत ते काम मधमाश्या करायच्या. त्याचा कधी उल्लेख करायची गरज पडली नव्हती. मी फक्त म्हणाले होते, बियाला सोडा. मला त्या शब्दाचा एवढाच अर्थ ठाऊक होता, खुडू नका. त्यांच्या धंद्यात त्या शब्दात पिशवीही होती.

"पिशवी शिवून व्हईपतुर दोन दिस माशीला शिवू दिला न्हाय त्यो," कांताक्का कुंपणावरून म्हणाल्या. "मारत न्हवता हं. नुसता टॉवेलानं वारायचा. जा बाई, जा बाई, म्हणायचा. मी म्हटलं, अण्णा, बसदीत चवरी ढाळाय जावा, शोभंल."

मी खाली बसून दोरा सोडला. आतली हवा गरम होती. फुलं होती. पहिली कधीच वाळून गळली होती आणि पिशवीच्या तळाशी साठली होती, तपकिरी, कागदासारखी. दोन अजून उघडी होती. कितीतरी महिन्यांनी मी तो रंग बघितला, आमसुलाचा, आणि आत काळ्या रेघा. वेलीची खालची पानं पिवळी पडू लागली होती. गळलेल्या फुलांच्या देठांवर मी एकेक करून बोट फिरवलं. नष्टरला प्रत्येक फुलामागं तीन दाणे धरतात, एकाला एक चिकटून. तिथं काहीच फुगलेलं नव्हतं.

"धरलंय का?" आप्पांनी मागून विचारलं.

मी खांद्यावरच्या माझ्या पिशवीतून कुंचला काढला. प्रयोगशाळेचा बारीक कुंचला मी कशाला सोबत आणला होता हे मला आठवत नाही, पण तो होता. एका उघड्या फुलातून दुसऱ्यात नेऊन फिरवला. पराग कोरडा पडला होता.

आप्पा खुर्चीतून उठून माझ्याशेजारी येऊन बसले. कुंचल्याकडे बघत राहिले. त्यांना सांगायला लागलं नाही.

"नष्टरला माशी लागती?"

"लागते, आप्पा."

"तंबाखूला लागत न्हाय."

"न्हाय. तंबाखूला न्हाय लागत."

त्यांनी पिशवी हातात घेतली, उलटी केली, आतली वाळलेली फुलं वाफ्यात झटकली आणि तिची नीट चौकोनी घडी घातली. घडी मांडीवर ठेवून म्हणाले, "तुझी आई असती तर सांगितली असती." मला वाटतं ते स्वतःला म्हणाले. पण मी ते मलाही लावून घेतलं.

पिशवी काढल्यावर माश्या आल्या. चारही वेलींच्या नव्या कळ्या मात्र उन्हानं उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळत होत्या. मी आठवडाभर रजा काढली. आप्पा दोन वेळा पाणी घालत होते आणि दुपारी वेलीवर जुनी छत्री धरून बसत होते. मी सांगितलं, काठीला बांधूया. ते म्हणाले, "काठीला सावली कुठं सरकली ते कळत न्हाय." कुंचला फिरवलेल्या एका फुलामागे शेवटी एक दाणा धरला. तीन दाण्यांतले दोन सुकले, एक राहिला. हिरवा, ज्वारीच्या दाण्याएवढा, मग त्याहून थोडा मोठा.

आप्पांनी म्हटलेलं खरं ठरलं. एप्रिल लागला तेव्हा खुडलेल्या तिन्ही वेली हिरव्या होत्या. बियाला सोडलेली पहिली वाळली.

दाणा देठावरून आपण होऊन सुटला त्या सकाळी मी घरी होते. हातात घेतला. वाळला होता, सुरकुत्या पडल्या होत्या, पण हलका होता. जास्तच हलका. आत भरलंय की नाही, आणि भरलं असलं तर ते जिवंत आहे की नाही, हे कळायची एक पद्धत आहे. बी कापायचं आणि एका औषधात ठेवायचं. जिवंत असेल तर आतला अंकुर लाल होतो. रोजची चाचणी आहे, मी शेकडो बियांवर केली आहे. शंभरातल्या दहांवर करायची ती. एकच असेल तर करता येत नाही. जिवंत निघालं तरी ते कापलेलं असतं.

मी ठरवलं, काही करायचं नाही. तसंच डब्यात ठेवायचं आणि दिवाळीला लावायचं. उगवलं तर उगवलं.

"बघू," आप्पा म्हणाले.

मी त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी ते उन्हाकडे धरलं, बोटांत फिरवलं, आणि मी काही म्हणायच्या आत अंगठ्याचं नख त्यावर दाबलं. बियाण्याचा माणूस बी हातात आलं की हेच करतो. बाजारात, शेतात, दुकानात, आयुष्यभर. ते न बघता झालं. कट्कन आवाज आला आणि टरफल चपटं झालं.

आप्पा आपल्या बोटांकडे बघत राहिले.

"पोचट हाय," ते हळू म्हणाले. "पोचटच हुतं गं."

मी काही बोलणार होते. तेवढ्यात वास आला. अगदी थोडा, पण चुकण्यासारखा नाही, मोहरी फेसल्यासारखा. रिकाम्या टरफलाला एवढा झणका नसतो. वास यायला आत काहीतरी भरलेलं लागतं, आणि ते फुटावं लागतं.

आप्पांना तो आला की नाही, मला माहीत नाही. तंबाखूच्या खळ्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचं नाक फारसं राहत नाही. ते माझ्याकडे बघत होते.

"व्हय आप्पा," मी म्हटलं. "पोचटच हुतं."

त्यांनी मान हलवली. बोटं टॉवेलाला पुसली, बराच वेळ पुसली. मग ते घराकडे निघाले. वाट वाफ्याच्या कडेनं होती, आणि उरलेल्या तिन्ही वेलींना त्या सकाळी पुन्हा बारीक कळ्या दिसत होत्या, उन्हात गळून जाणाऱ्या. तिथं पोचल्यावर आप्पा थांबले. कुणी काही म्हटलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, एकानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं, आणि वेलींच्या बाजूनं चालत गेले.